बबनरावांच्या जीपचा हँडब्रेक

९ जानेवारी १९७४

कॉलेज सोडल्याचा एक फायदा आहे. सकाळी दहाच्या सुमारास जगातली सगळी गाढवं ओझ्याखाली असतात आणि आपल्याला बाजूला उभं राहून ती बघता येतात. बाबा याला उनाडक्या म्हणतात. म्हणोत. जन्मभर एका टेबलाला चिकटून बसलेल्या माणसाच्या मताला मी किंमत देत नाही.

आज आकुर्डीला, कंपनीच्या कँटीनमागच्या चढावर सायकल टेकवून उभा होतो. खालून एक जीप आली. लष्कराच्या लिलावातली, फोर-व्हील, मूळच्या हिरव्यावर कुणीतरी निळा रंग फासलेला. मागे कोबीची आणि वांग्याची पोती. चढाच्या मध्यावर आल्यावर चालवणारा फेटेवाला ओरडला, "इंद्रे, दगड!"

तशी शेजारी बसलेल्या मुलीनं चालत्या गाडीतून खाली उडी मारली. पायाशी ठेवलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाखाली सारला, वर एक लाथ घालून बसवला. गाडी त्यावर टेकली आणि थांबली. मुलीनं हात झटकले, पदर खोचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिथे कुणीतरी विसरलेला दुसरा धोंडा आहे.

मी गेलो. कायमचा गेलो. हे लिहायची लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

फेटेवाले म्हणजे रावेतचे बबनराव. अर्धी जमीन कारखान्यांत गेली, तिच्या पैशातून ही जीप आली, आणि उरलेल्या अर्ध्या जमिनीतली भाजी ते त्याच कारखान्याच्या कँटीनला घालतात. बॅटरी मेलेली, म्हणून गाडी उतारावरून सोडून चालू करायची. म्हणून ती उभी करायची तीही चढावरच. हँडब्रेक मेलेला, म्हणून दगड. गिअरमध्ये टाकून ठेवावी तर इंजीन इतकं झिजलेलं, की गाडी तरीही हळूहळू मागे सरकते.

"हँडब्रेक का करून घेत नाही?" मी विचारलं.

"हाय की ब्रेक," बबनराव मुलीकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्यो काय, चालता-बोलता. गडी हाय एक भैरू, पन दगड लावताना त्याच्या पायाचं बोट गेलं. तवापासून तो गाडीला लांबनंच रामराम करतो."

"मी करून देतो."

"तू कोन?"

"इंजिनिअरिंगला होतो."

"व्हतो म्हंजी?"

"सोडलं."

"म्हंजी अर्धा इंजनेर!" पोती उतरवणारे सगळे फिदीफिदी हसले. "ये बाबा. चार पुऱ्या मिस्तऱ्यांनी हात टेकले, आता अर्ध्याला बघू."

मुलगी हसली नाही. तिचं लक्ष रस्त्यापलीकडच्या घराकडे होतं.

१२ जानेवारी

सबंध दिवस रावेतला, जीपखाली.

चार मिस्त्री म्हणे! दोघांनी केबल ताणली आणि दोघांनी मागची चाकं उघडली. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की केबल जाते ती गाडीच्या पोटात. तिथून मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा निघतो, त्या दांड्यावरच एक लहानसा ड्रम बसवलेला असतो. ड्रमच्या आत दोन शू, शूवर लायनर. ते ड्रमला आतून दाबून धरतात, दांडा थांबतो, गाडी थांबते. ज्यांना ब्रेक कुठे आहे हेच ठाऊक नाही, ते तो दुरुस्त करणार! आणि अशांच्या हाताखाली शिकलास तर पोटापाण्याला लागशील, असं बाबा मला सांगतात.

ड्रम उघडला. लायनर तेलात न्हालेले. ऑइल सील फाटलंय, त्यामुळे काळं, घट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचं गिअर ऑइल सरळ ड्रममध्ये उतरतंय. केबल कितीही ताणा. ओल्या साबणाची वडी मुठीत धरण्यातला प्रकार.

बबनरावांची इंद्रायणी चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली नाही. उकिडवी बसून गाडीखाली डोकावली.

"तेल लागलं की ब्रेक धरत न्हाई व्हय?"

"मुळीच नाही."

"कुठलं बी तेल?"

"कुठलंही. चमचाभर पुरे."

"आन् हे भोक कशाचं?"

ड्रमच्या मागच्या पत्र्याला एक भोक असतं. त्यातून पेचकस घालून शू मागे-पुढे करता येतात. मी तिला ते दाखवलं. आत बोट घालून बघ म्हटलं. तिनं बघितलं. एवढ्या एकाग्रतेनं आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं. कॉलेजातल्या त्या ड्रॉइंगच्या मास्तरानं तर नाहीच. त्याची चूक मी फळ्यावर जाऊन दुरुस्त केली तर त्याला फेफरं यायचं बाकी होतं.

आतून तिची आई, शालनबाई, ओरडली, "इंद्रे, च्या दिलास ना? मंग तितं काय अंडी उबवतीस?"

ती उठली. जाताना पुन्हा एकदा त्या भोकाकडे बघून गेली. बघायचं माझ्याकडे होतं. लाजेनं भोकाकडे बघितलं. एवढं कळायला डिग्री लागत नाही.

१७ जानेवारी

नवं सील, नवे लायनर. नदीकडच्या उतारावर भरली गाडी उभी केली, मूठ ओढली. हलली नाही.

बबनरावांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, चाकाला लाथ मारली. मग म्हणाले, "आज धरला, पन महिनाभर धरला तर खरा. तवर दगड आन् पोरगी संगट असू दे." तोंडभर कौतुक करायला यांचं काय जातं? पण पुढे जे म्हणाले त्यासाठी सगळं माफ. "टिकला तर रस्त्याकडची शेड तुला देतो. टाक तुझं ग्यारेज."

रस्त्याकडची शेड! तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. उठता-बसता ती दिसणार. बाबांना त्या शेडपुढे उभं करून विचारणार आहे, आता बोला.

२१ जानेवारी

ब्रेक गेला. कँटीनच्या चढावर मूठ ओढली आणि गाडी निघाली मागे. इंद्रायणीनं दगड टाकला म्हणून निभावलं. "आरं अर्ध्या इंजनेरा," असा निरोप भैरूबरोबर आला, पुढचं लिहिण्यासारखं नाही.

पिंपरीच्या त्या दुकानदारानं सडकं सील गळ्यात मारलं असणार. जाऊन सील त्याच्या काउंटरवर आपटलं. "साहब, सील तो एकदम ठीक है," म्हणे. चोर.

मग आकुर्डीला जाऊन चढावरच गाडीखाली शिरलो. बबनराव आत कँटीनवाल्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत होते. कंपनीची माणसं येतात-जातात, त्यांच्यात पोरीला उभं ठेवायला नको म्हणून ते तिला समोरच्या अरुंधतीबाईंकडे शिवण शिकायला बसवतात. या बाई शाळेत मास्तरीण आहेत. जाड चष्मा, छत्री, एकट्या राहतात. खिडकीतून दिसत होतं: दोघी पुस्तकात डोकं घालून बसलेल्या, शिवणाचं मशीन कापडाखाली झाकलेलं. बायकांचं शिकणं म्हणजे हे असं. शिवणाच्या नावाखाली कादंबऱ्या.

परत आल्यावर इंद्रायणी गाडीशी वाकली. "एक विचारू? दोन एक्स अधिक तीन वाय... दोन्ही समीकरणं देतात, तवा आधी कुठला काढायचा?"

"तुला काय करायचंय एक्स-वायशी? भाकरीत घालायचेत?"

"सांगा की."

मी खडूनं जीपच्या निळ्या दारावर सोडवून दाखवलं. तिनं ते ओठ हलवत दोनदा वाचलं आणि पदरानं पुसून टाकलं. बोलायला निमित्त हवं, दुसरं काय. मुली काय काय निमित्तं काढतात!

२ फेब्रुवारी

पुन्हा नवं सील. गिअरच्या पेटीवरचं हवेचं भोक चिखलानं बुजलं होतं, तेही साफ केलं. हवा कोंडली की तेल सीलमधून बाहेर रेटलं जातं, हे त्या चौघा मिस्त्र्यांच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. चार दिवस ब्रेक लोखंडासारखा. पाचव्या दिवशी पुन्हा गेला.

आज ड्रम उघडला आणि बोट ओलं करून नाकाशी नेलं. कुजक्या अंड्याचा वास नाही. पातळ, पिवळट. जिभेला लावलं.

करडईचं तेल.

जीपला करडई लागत नाही. ती लागते कालवणाला. त्या भोकाच्या कडेला तेलाचा ओघळही होता, आणि ते भोक या घरात मी एकाच माणसाला दाखवलंय.

गाडीखाली पाठीवर पडून मी किती वेळ हसत होतो कोण जाणे. भैरू लांबून म्हणाला, "उन्हानं झालं वाटतं."

ब्रेक दुरुस्त झाला की मी येणार नाही. म्हणून ती तो बिघडवते. माझ्यासाठी! घरचं तेल चोरून, आईचा मार पत्करून, रांगत गाडीखाली जाऊन. एवढं प्रेम कुणी कुणावर करतं का? पुस्तकातसुद्धा नाही.

७ फेब्रुवारी

शालनबाईनं आज शेजारणीला सांगताना ऐकलं. चाकणच्या कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा इंद्रायणीसाठी सांगून आलाय. मॅट्रिकला दोनदा आपटलाय. "म्हनून तर पोरीला नववीतनं काढली," शालनबाई म्हणाली. "नवऱ्यापरीस बायकू ज्यादा शिकली तर कोन करून घेईल? त्यांची पहिली अटच ती."

म्हणजे आता घाई केली पाहिजे. मुद्दा साधा आहे: ब्रेक टिकला तर शेड, शेड म्हणजे गॅरेज, गॅरेज म्हणजे स्वतःच्या पायावर उभा असलेला मुलगा. मग बबनरावांपुढे जाऊन बोलता येईल. चाकणच्या त्या कांद्याला मी विचारात घेत नाही. ती बिचारी दोन घटकांच्या भेटीसाठी तेल ओतत बसलीय. आयुष्याचा विचार पुरुषानंच करायचा असतो.

११ फेब्रुवारी

लायनर सोडा-पाण्यात उकळले, पेट्रोलनं धुतले. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून भोकावर चकती बसवली, आतून स्क्रूनं आवळली. आता तिथे मुंगी शिरणार नाही. तेलाबद्दल कुणाला काही बोललो नाही. ते आमचं दोघांचं.

चकती बसवताना ती शेजारी उभी होती.

"हे कशाला?"

"चिखल जाऊ नये म्हणून," मी म्हणालो आणि डोळा मिचकावला.

"मग ॲडजस्ट कसं करनार?"

"गरज पडणार नाही. आता हा ब्रेक जन्मभर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान फिरवली. असल्या क्षणी मुलीकडे टक लावून बघणं बरं नव्हे.

२२ फेब्रुवारी

ब्रेक टिकतोय. बबनरावांनी महिन्याची अट स्वतःच मोडली. काल कँटीनच्या चढावर कोबी भरलेली गाडी हँडब्रेकवर उभी करून ते आत जाऊन चहा पिऊन आले, आणि बाहेर येऊन त्यांनी तो धोंडा उचलून गटारात टाकला. सगळ्यांदेखत माझ्या पाठीत थाप मारली. "पुरा इंजनेर!" शेडची चावी गुढीपाडव्याला.

मी विचारलं, "इंद्रायणी आली नाही?"

"तिला कशाला आता? ब्रेक लागतोय की. चाकणचे लोक यायचेत, उन्हातानात हिंडून काळी पडायची."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. पण शेड मिळाली की रोजच दिसेल. चार दिवस दम धरायला हवा.

२५ फेब्रुवारी

अरुंधतीबाई आज आमच्या घरी, चिंचवडला, आल्या. छत्रीसकट. मला अंगणात बोलावलं.

"हरिहर तूच ना? तो हँडब्रेक तू दुरुस्त केलास?"

"हो." मला वाटलं, तिनं निरोप पाठवलाय.

"छान. आता तो परत बिघडव."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"इंद्रायणी मॅट्रिकला बाहेरून बसलीय. दीड वर्ष माझ्याकडे अभ्यास करतेय. जीप कँटीनला येणार, दगड लावायला ती येणार, बबनराव आत बसणार तेवढा वेळ आमचा. तुझ्या हुशारीनं तिचं घराबाहेर पडणंच बंद झालं. अकरा मार्चला पहिला पेपर आहे. केंद्र माझ्याच शाळेत, घरामागेच. ती परीक्षेला बसली एवढं कळलं तरी ते चाकणचं स्थळ आपोआप मागे फिरेल, निकाल लागला की पुढचं मी बघते. डी.एड.ला घालायचं माझ्या मनात आहे. नाही बसली, तर वैशाखात लग्न."

"तिनं मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं होतं? तू कधी विचारलंस?"

"मग ते तेल..."

"तेल मीच सुचवलं असतं, पण पोरगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. तू म्हणे फार छान समजावून सांगितलंस."

रात्री

म्हणजे मी नव्हतोच. चहात नव्हतो, एक्स-वायमध्ये नव्हतो, करडईच्या तेलात नव्हतो. मी फक्त ते भोक दाखवणारा इसम.

खड्ड्यात जा सगळे. ती, तिचा बाप, ती छत्री. करू दे लग्न कांद्याशी. बसू दे जन्मभर डोळे पुसत. मला शेड मिळतेय, मी गॅरेज टाकणार, आणि ती माहेरपणाला येईल तेव्हा गाडीखालून मान वर काढून बघणारसुद्धा नाही.

१ मार्च

बघितलंच तर काय बिघडणार आहे, असंही वाटतं. पण वैशाखात लग्न झालेल्या मुलीकडे बघण्यात काय अर्थ?

काल रावेतवरून गेलो. ती ओसरीत गहू निवडत होती. ओठ हलत होते. गहू निवडताना कुणी ओठ हलवत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं त्याहून वाईट. तेव्हा निदान धोंडा तरी समजली होती.

५ मार्च

आईच्या बरणीतून वाटीभर करडईचं तेल घेतलं. "ब्रेकला ग्रीस लावून देतो," असं बबनरावांना सांगून गाडीखाली शिरलो. माझ्याच हातची चकती काढली. असं फिटिंग अख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणी केलं नसेल. ती खिशात टाकली आणि भोकातून वाटी ओतली.

मग नदीकडच्या उतारावर बबनरावांनी मूठ ओढली आणि गाडी त्यांना घेऊन बाभळीत गेली.

"काय झालं रं?"

"दांडाच झिजलाय. माझं चुकलं. हा ब्रेक होणारा नाही."

हे वाक्य बोलायला मला जेवढा त्रास झाला, तेवढा इंजिनिअरिंगच्या अख्ख्या वर्षात झाला नव्हता.

बबनराव खाली उतरले, फेट्यातले काटे काढले. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. "सोडनारा मानूस सगळं सोडतोच म्हना. शेड मी गिरनीवाल्याला देतो." मग घराकडे तोंड करून ओरडले, "इंद्रे! नवा दगड बघ चांगलासा!"

ती दारात आली. बापाकडे बघितलं, बाभळीतल्या जीपकडे, मग माझ्याकडे. माझे हात कोपरापर्यंत तेलकट होते. काळे नव्हते, पिवळे होते.

हे मी तिच्यासाठी केलं, असं कुणी समजू नये. बबनरावांच्या तोंडावरचं ते समाधान मला बघवत नव्हतं, एवढंच. आणि गॅरेज टाकून मिस्त्र्यांच्या पंगतीत बसायची मला मुळात हौस नव्हती.

११ मार्च

बबनराव कँटीनचं काम तासाभरात उरकतात. पेपर तीन तासांचा. या साध्या वजाबाकीचा विचार बाईंनीही केला नव्हता, मास्तरणीच त्या.

म्हणून मी काल रावेतला जाऊन हात जोडले (मी!) आणि म्हटलं, शेवटचा एक प्रयत्न करू द्या, फुकट, पण चढावरच करावा लागेल. "कर बाबा, तुला तरी दुसरा काय उद्योग हाय," बबनराव म्हणाले.

सकाळी कँटीनच्या चढावर हजर. जीप आली. "इंद्रे, दगड!" तिनं उडी मारली, दगड सारला, लाथ घातली. मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. ती वाकली. पेन पोलक्याला अडकवलेलं, ते तिनं पदराखाली ढकललं.

"किती येळ लागंल?"

"तीन तास."

"तीन तास?" बबनराव वरून गरजले. "एका ब्रेकला?"

"बरं," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

ड्रम उघडला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. पुसलं असतं तरी भागलं असतं. मी शू काढले, लावले, काढले. बबनराव फूटबोर्डवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं प्रदर्शन दाखवत होते. "ह्ये बघा, कॉलेजातलं नमुनं. तीन तास झालं, नट सापडंना." कँटीनवाला आला, वॉचमन आला, पहिल्या पाळीची माणसं सुटली ती सगळी आली. प्रत्येकाला एकेक ब्रेक सुचला. एक जण म्हणाला, केबल ताणा. मी गाडीखाली दात आवळून पडून राहिलो. असल्यांना उत्तर द्यायला माझं तोंड शिवशिवतं, पण उत्तर दिलं असतं तर ब्रेक लागला असता.

शाळेची घंटा झाली. थोड्या वेळानं चाकापलीकडे तिचे पाय दिसले. बोटांना शाई.

"झाला का?" तिनं विचारलं.

"कसला व्हतोय ह्या येड्याच्यानं!" बबनराव म्हणाले. "चल, बस."

"उद्या परत बघतो," मी खालून म्हणालो. "तुझं?"

"झालं," ती हळूच म्हणाली. "निबंध आला पुरा." आणि दगड काढायला वाकली.

आभार नाहीत, काही नाही. अपेक्षाही नव्हती. बाबांच्या कानावर सगळं गेलंय, जेवताना ते माझ्याकडे न बघता भात कालवत होते.

उद्या गणित. गणिताला तिचा हात सावकाश चालतो, शेवटच्या घंटेपर्यंत बसेल. शूची एक स्प्रिंग गटारात उडवावी लागणार, म्हणजे बबनरावांनाही शोधायला लावता येईल.